पहिल्या पराभवाची प्रयोगशाळा

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमधून पन्नास हजार 'अटल टिंकरिंग' प्रयोगशाळा उभारण्याचा संकल्प जाहीर करण्यात आला. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेचा हेतू असा की, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी यंत्रे जुळवून पाहावीत, पुस्तकात वाचलेले विज्ञान टेबलावर मांडून पाहावे. त्यासाठी एकेका शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद योजनेत करण्यात आली होती. हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि सरकारी योजनांच्या यशाचे मोजमाप आपल्याकडे बहुधा खोल्या किती उघडल्या, साहित्य किती आले आणि उद्घाटने किती झाली यावरून होते. त्या खोलीत मुलाने काय केले, केलेले चालले की मोडले, आणि मोडल्यावर पुढे काय झाले, हे प्रश्न अहवालाच्या रकान्यांत मावत नाहीत. वस्तुतः तेच प्रश्न मुख्य आहेत.

त्यांची उत्तरे शोधू जाता नजर एका अनपेक्षित ठिकाणी जाते. घरच्या पडवीत, गॅरेजात किंवा महाविद्यालयाच्या कर्मशाळेत बांधलेला रोबो दुसऱ्याने बांधलेल्या रोबोशी झुंजवण्याचा एक खेळ गेली तीस वर्षे जगात अनेक ठिकाणी रुजला आहे. प्रथमदर्शनी तो पोरखेळ वाटेल. काहींना तो निव्वळ मोडतोडीचा तमाशा वाटेल. परंतु या खेळात प्रथमच उतरणाऱ्या नवशिक्याला जो अनुभव येतो, तो आपल्या शिक्षणव्यवस्थेत विद्यार्थ्याला क्वचितच येतो. त्याने महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू सर्वांदेखत मोडते, आणि तरीही त्याला कोणी नापास ठरवीत नाही. नव्या प्रयोगशाळांची आखणी करताना या एका गोष्टीचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

फसलेल्या यंत्रातून जन्म

या खेळाचा जन्मच एका फसलेल्या प्रयोगातून झाला, ही गोष्ट सूचक आहे. अमेरिकेत चित्रपटांसाठी प्रतिकृती बनविण्याचे काम करणारे मार्क थॉर्प १९९२ च्या सुमारास धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्राला दूरनियंत्रणाने चालविण्याच्या खटपटीत होते. झाडलोटीचे यंत्र म्हणून ती खटपट वाया गेली. परंतु दूरनियंत्रित यंत्रांची एकमेकांशी झुंज लावावी ही कल्पना त्यातूनच निघाली. ऑगस्ट १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील फोर्ट मेसन या जुन्या लष्करी आवारात 'रोबॉट वॉर्स' या नावाने पहिली स्पर्धा भरली. १९९८ च्या आरंभी ब्रिटनमध्ये बीबीसीने याच नावाची दूरदर्शन-मालिका सुरू केली आणि घराघरांतून हा खेळ पाहिला जाऊ लागला. १९९९ मध्ये अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' ही दुसरी स्पर्धा उभी राहिली. ब्रिटनमधील मालिका मध्यंतरी बंद पडून २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली व २०१८ मध्ये पुन्हा थांबली. त्याच वर्षी चीनमध्ये मात्र अशा मालिकांची लाट आली होती.

दूरदर्शनची कृपा अशी चंचल असते. हा खेळ तिच्यावर जगला नाही, ही विशेष नोंद घेण्याजोगी बाब आहे. मालिका बंद पडल्या तरी गावोगावच्या सभागृहांत, शाळांच्या व्यायामशाळांत, पारदर्शक पेटीभोवती वीस-पंचवीस मंडळी जमवून हे हौशी लोक झुंजी लावीतच राहिले. ज्याला बक्षीस नाही, प्रसिद्धी नाही, असा छंद टिकून राहतो तेव्हा त्यातून मिळणारे समाधान अन्य प्रकारचे असले पाहिजे.

महाराष्ट्राला हा विषय अपरिचित नाही. मुंबईच्या आयआयटीतील 'टेकफेस्ट' या महोत्सवात रोबोंच्या झुंजी हे गर्दी खेचणारे आकर्षण ठरले असून तेथे परदेशी चमूही येऊन गेले आहेत. आशियाई देशांतील महाविद्यालयांची 'रोबोकॉन' ही स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात भरली. २००८ च्या स्पर्धेचा विषय तर गोविंदा आणि दहीहंडी हाच होता. अर्थात रोबोकॉनमध्ये झुंज नसते. नेमून दिलेले काम प्रतिस्पर्ध्याआधी पुरे करावयाचे असते. परंतु दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याने बांधलेले यंत्र सर्वांसमोर उभे राहते, आणि ते चालते की नाही हे लपवून ठेवता येत नाही.

तीन मिनिटांची परीक्षा

'यंत्रमानव' या शब्दाने मनासमोर हातापायांची मूर्ती उभी राहते. लढाऊ रोबोचे रूप तसे नसते. बहुधा ती दोन वा चार चाकांवर धावणारी, जमिनीलगत दबलेली एक पेटी असते. आत चाके फिरविणाऱ्या मोटारी, त्यांचा वेग नियंत्रित करणारी मंडले, विद्युतघट आणि रेडिओ-संदेश ग्रहण करणारा छोटा ग्राहक. बाहेर चिलखत आणि एखादे शस्त्र. कोणी प्रतिस्पर्ध्याखाली पाचर घालून त्याला उलथवितो, कोणी दाबाखालच्या वायूने फळी उडवून त्याला धोबीपछाड घालतो, कोणी वेगाने फिरणारे पाते किंवा दंडगोल घेऊन येतो. चालक आखाड्याबाहेर उभा राहून हातातील नियंत्रकाने यंत्र चालवितो. कुस्तीप्रमाणेच येथेही वजनगट असतात. ब्रिटनमध्ये एक लहान गट दीडशे ग्रॅमचा, म्हणजे तळहातावर मावणारा. वरच्या टोकाला शंभर किलोंहून जड यंत्रे असतात. झुंज सामान्यतः तीन मिनिटांची. यंत्र हालचाल करीनासे झाले की पंच दहा अंक मोजतात आणि झुंज निकाली ठरते. दोन्ही यंत्रे शेवटपर्यंत टिकली तर केलेली हानी, आक्रमकता आणि यंत्रावरील ताबा पाहून निर्णय दिला जातो.

अशा स्पर्धेत घरी बांधलेला रोबो प्रथमच घेऊन येणाऱ्याचा दिवस झुंजीने सुरू होत नाही. तो तराजूने सुरू होतो. घरच्या काट्यावर बरोबर भरलेले यंत्र आयोजकांच्या काट्यावर थोडे अधिक भरते, आणि महिनाभर घासूनपुसून बसविलेल्या चिलखताला घाईघाईने भोके पाडून वजन उतरवावे लागते. त्यानंतर सुरक्षा-तपासणी. नियंत्रक बंद केला तर रोबो तत्क्षणी थांबतो का? वीज तोडण्याची कळ बाहेरून सहज हाताशी येते का? आखाड्याचे दार बंद होईपर्यंत शस्त्र जागच्या जागी जखडून ठेवण्याची सोय आहे का? या प्रश्नांना 'होय' असे उत्तर कृतीने द्यावे लागते. येथे कोणाची ओळख चालत नाही की कागदावरची सही चालत नाही.

मग झुंज होते, आणि बहुतेक नवशिक्ये ती हरतात. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या अचाट शस्त्रामुळे हरतात असे नव्हे. पहिल्याच धडकेत सोल्डरिंगचा एखादा कच्चा सांधा सुटतो आणि यंत्र मुके होते. चाकाला धरून ठेवणारा बारीकसा स्क्रू कंपनाने ढिला होतो व चाक आखाड्यात एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे जाते. भिंतीशी अडकून पडलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते आणि नियंत्रक मंडलातून धूर निघतो. कधी यंत्र धडधाकट असते, परंतु ते उलटे पडल्यावर चाके हवेत फिरत राहतात. उलटे पडण्याची शक्यता आराखड्याच्या कागदावर कोणी विचारातच घेतलेली नसते. नवशिक्याचे सारे लक्ष शस्त्राकडे लागलेले असते. हरवितात ते स्क्रू, तारा आणि चाके. जुनी मंडळी म्हणूनच सांगतात की आधी धावणारे यंत्र बनवा, शस्त्राचे मग पाहू. आणि यंत्र महिनाभर आधी पुरे करून उरलेला काळ ते चालविण्याच्या सरावात घालवा. ऐकणारे थोडेच असतात. बाकीच्यांना ही शिकवण आखाड्यातच मिळते.

आता या तीन मिनिटांची तुलना आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेशी करून पाहावी. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला प्रयोगाचे उत्तर काय यावयास हवे हे आधीच ठाऊक असते. त्या उत्तरावरून मागे येत येत वाचने लिहिली जातात, गेल्या वर्षीच्या वहीवरून जर्नल उतरविले जाते, आणि लंबकाची दोरी खरोखर किती लांब होती याला फारसे महत्त्व उरत नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बाजारात तयार मिळतात, हे तर उघड गुपित आहे. या व्यवहाराचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या व्यवस्थेत चुकलेल्या वाचनाला गुण नाहीत, त्या व्यवस्थेत चुकलेले वाचन प्रामाणिकपणे लिहिणारा मूर्ख ठरतो. प्रयोग फसला असे लिहून तो का फसला याचे विवेचन करणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण देण्याचे धाडस किती परीक्षकांनी केले असेल?

आखाड्यातील परीक्षकाला मात्र अपेक्षित उत्तर ठाऊक नसते, आणि त्याने प्रश्नपत्रिका आधी छापलेलीही नसते. समोरचे यंत्र कोठून धडक देईल हे कोणालाच सांगता येत नाही. तेथे जर्नल नीटनेटके आहे म्हणून चाक जागेवर राहत नाही. वस्तूने दिलेला निकाल अंतिम असतो, आणि तो निकाल कोणाचाही अपमान करण्यासाठी दिलेला नसतो.

पराभवानंतरचा अर्धा तास

परंतु पराभवातून शिकवण मिळते हे सुभाषित झाले. ती आपोआप मिळत नाही. पराभवानंतर काय करावयाचे याची व्यवस्था असेल तरच ती मिळते. या खेळाने ती व्यवस्था नकळत उभी केली आहे. अनेक स्पर्धांत एका पराभवाने कोणी बाद होत नाही. दुसरा पराभव झाला तरच बाहेर जावे लागते. त्यामुळे हरलेल्या चमूला थोडक्या वेळात यंत्र उघडून दोष शोधावा लागतो आणि पुन्हा उभे राहावे लागते. दुरुस्तीच्या टेबलांवर दिसणारे दृश्य तर अधिकच लक्षणीय असते. नुकताच ज्याने पाडले तोच प्रतिस्पर्धी आपला पाना, आपला जादा विद्युतघट, कधी आपली मोटारही पुढे करतो; कारण समोरचे यंत्र उभे राहिले नाही तर झुंजच होणार नाही, हे त्याला कळते. स्पर्धा आणि सहकार्य ही परस्परविरोधी मूल्ये आहेत, असे शाळेत शिकलेल्या मुलाला येथे वेगळेच काही दिसते.

या खेळाच्या इतिहासातील काही नावे येथे आठवण्याजोगी आहेत. १९९८ मध्ये ब्रिटनमधील पहिल्या मालिकेचे विजेतेपद मिळविले ते कोणा कारखान्याने नव्हे, तर कॉर्नवॉल परगण्यातील बॉडमिन येथील एका सार्वजनिक शाळेच्या चमूने. त्यांचा 'रोडब्लॉक' हा रोबो म्हणजे एक मजबूत पाचर होती. झगमगाट कमी आणि भरवसा अधिक. तिसऱ्या आणि चौथ्या मालिकेत सलग विजेतेपद पटकावणाऱ्या 'केऑस टू' या यंत्राच्या नावातील 'टू' हा शब्दच सांगतो की त्याच्या आधी एक 'केऑस' होता आणि तो विजेता ठरला नव्हता. 'रेझर' नावाचे जलदाबावर चालणारे प्रचंड चिमट्याचे यंत्र १९९८ च्या दुसऱ्या मालिकेत प्रथम उतरले. विजेतेपद त्याला पाचव्या मालिकेत मिळाले. मधल्या काळात ते यंत्र तसेच राहिले नाही. प्रत्येक पराभवानंतर ते बदलत गेले.

ब्राझीलचे उदाहरण आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. रिओ द जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठाच्या 'रिओबॉट्झ' या चमूने आपल्या अनुभवांचे शेकडो पानांचे मार्गदर्शक पुस्तक सिद्ध केले आणि ते सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्याची २००९ मधील आवृत्ती जगभरचे नवशिक्ये आजही चाळतात. कोणता पोलाद कोठे तडकतो, कोणता स्क्रू कोणत्या धक्क्याने तुटतो, आपल्या यंत्रात काय मोडले व का, याची मांडणी त्यात आहे. प्रयोगशील देशांची ज्ञानपरंपरा अशीच वाढत जाते. आपल्या महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतून विजयाची छायाचित्रे छापली जातात. मोडलेल्या यंत्राची चिकित्सा छापल्याचे उदाहरण विरळा.

बंधनातील स्वातंत्र्य

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. मुलांच्या हाती अशी शस्त्रसज्ज यंत्रे देणे धोक्याचे नाही काय? निःसंशय धोक्याचे आहे, आणि तो धोका नेमका किती याचे गणित प्रत्येक शिक्षकाने करून पाहावे असे आहे. तीन किलो वजनाचे, दहा सेंटिमीटर त्रिज्येचे कडे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरू लागले तर त्यात सुमारे ५,९०० जूल ऊर्जा साठते. साठ किलो वजनाचा माणूस दहा मीटर उंचीवरून खाली पडताना जमिनीशी पोहोचेतो जितकी ऊर्जा मिळवितो, तितकीच ही ऊर्जा आहे. शिवाय वेग दुप्पट केला की ती चौपट होते. लिथियम-पॉलिमर विद्युतघटाचा धोका वेगळा. तो चिरडला गेला, भोसकला गेला किंवा चुकीच्या पद्धतीने भारित केला तर पेट घेतो, आणि ती आग सहजासहजी विझत नाही.

हे धोके खेळाच्या बाल्यावस्थेतच प्रत्ययास आले. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'ब्लेंडो' नावाच्या, कढईसारख्या कवचाने गरगर फिरणाऱ्या यंत्राने प्रतिस्पर्ध्याचे तुकडे संरक्षक भिंतीपलीकडे उडविले. ते यंत्र इतरांसोबत झुंजविणे अति धोक्याचे ठरले आणि त्याला सन्मानाने बाजूला करावे लागले. त्यापुढे आखाडे बंदिस्त झाले, जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती आल्या, बंद पेटीबाहेर यंत्र चालू करण्यास मज्जाव झाला. आजचा प्रत्येक नियम अशा एखाद्या अनुभवाची खूण अंगावर बाळगून आहे.

यातून निघणारा धडा केवळ खबरदारीचा नाही. या खेळात कल्पनेला जवळजवळ मोकळे रान आहे, परंतु सुरक्षेच्या नियमात तसूभरही सवलत नाही. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडताना दिसते. काय करावे, कसे करावे, कोणत्या आकृतीप्रमाणे करावे हे सारे नेमून दिलेले असते. आणि उघड्या तारा, बंद पडलेले अग्निशामक, डोळ्यांना चष्मा न लावता चालणारा ग्राइंडर यांकडे मात्र काणाडोळा होतो. कल्पनेवर पहारा आणि सुरक्षेत ढिलाई, ही रीत उलटी केल्याखेरीज कोणतीही प्रयोगशाळा नावारूपास येणार नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. मोडतोडीत आनंद मानण्यास मुलांना शिकवावे काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तथापि मल्लविद्येच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्राला झुंज आणि हिंसा यांतील भेद वेगळा समजावून देण्याची गरज पडू नये. येथे मोडते ते यंत्र. आणि जो ते मोडतो तोही आपले यंत्र मोडून घेण्याची तयारी ठेवूनच आखाड्यात उतरलेला असतो. ब्रिटनमधील त्या मालिकेचे पंच म्हणून घरोघरी परिचित झालेले शेफिल्ड विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक नोएल शार्की यांचेच उदाहरण घ्यावे. माणसाच्या निर्णयावाचून ठार मारणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांविरुद्ध जगात ज्यांनी आवाज उठविला त्यांत ते अग्रभागी आहेत, आणि २००९ मध्ये रोबो-शस्त्रांच्या नियंत्रणासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश आहे. यात विसंगती नाही. आखाड्यातील रोबोचा नियंत्रक माणसाच्या हाती असतो, तो हात सर्वांना दिसतो, आणि संदेश तुटताच यंत्र थांबलेच पाहिजे हा तेथील पहिला नियम असतो. यंत्राच्या कृतीची जबाबदारी माणसाची आहे, हा संस्कार लहान वयात करण्यासाठी याहून चांगले साधन सहसा सापडणार नाही.

आखाडा लहान हवा

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तोच सर्वांत जड आहे. आपल्याकडील महाविद्यालयीन झुंजींत पंधरापासून साठ किलोंपर्यंतचे गट प्रतिष्ठेचे मानले गेले. अशा यंत्रांना लागणाऱ्या बलवान मोटारी, नियंत्रक मंडले आणि चिवट पोलाद यांचा खर्च लाखांच्या घरात सहज जातो. एके काळी ट्रकच्या वायपरची मोटार, भंगारातील लोखंड आणि तारेने जोडलेला साधा नियंत्रक घेऊन विद्यार्थी उतरत असत. आता मोठ्या रकमेच्या बक्षिसांमागे धावणारे ठरावीक चमू महागडे सुटे भाग मागवून घेतात, आणि पहिल्यांदाच येणारा तालुक्याच्या गावचा विद्यार्थी त्यांच्यासमोर अर्ध्या मिनिटात निकामी होतो. त्याच्या यंत्रातील दोष कोणता हे त्याला कळण्याआधीच त्याचे वर्षभराचे पैसे संपलेले असतात. असा पराभव शिकवीत नाही. तो फक्त परत पाठवितो. पराभव शिकविणारा व्हावयाचा असेल तर तो परवडणाराही असला पाहिजे.

म्हणून शाळांसाठी आखाडा लहान हवा. दीडशे ग्रॅमपासून साधारण अर्ध्या किलोपर्यंतच्या यंत्रांना लागणारे भाग तुलनेने स्वस्त असतात, मोडलेला भाग मुलाला स्वतः बदलता येतो आणि त्यांची झुंज टेबलाएवढ्या बंद पेटीत सुरक्षितपणे लावता येते. सुरुवातीला फिरती पाती वर्ज्य करून केवळ ढकलणारी व उलथविणारी यंत्रे ठेवली तरी शिकण्यासारखे काही कमी होत नाही. गुरुत्वमध्य, घर्षण, तरफ, दातेरी चक्रांचे गुणोत्तर, विद्युतप्रवाह आणि रोध हे पाठ्यपुस्तकातील सारे विषय त्या तळहाताएवढ्या पेटीत हजर असतात. प्रत्येक शाळेला वेगळी पेटी लागेल असेही नाही. तालुक्याला एक पुरेशी आहे.

मात्र पेटी आली म्हणजे काम झाले असे मानण्याची चूक होऊ नये. तीन गोष्टींची तरतूद आरंभापासून व्हावयास हवी. पहिली, दुरुस्तीच्या खर्चाची. आपल्याकडे वस्तू विकत घेण्यास अनुदान असते, मोडलेली वस्तू बदलण्यास नसते. त्यामुळे साहित्य मोडू नये म्हणून ते कपाटात कुलूपबंद राहते, आणि किल्ली सांभाळणाऱ्या शिक्षकावर जडवस्तू-नोंदवहीची टांगती तलवार असते. मोडलेल्या मोटारीचा भरणा पगारातून करावा लागेल या भीतीत वावरणाऱ्या शिक्षकाने मुलांना प्रयोगास उत्तेजन द्यावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. प्रयोगशाळेत काही मोडले नाही तर तेथे काही घडले नाही, एवढी साधी गोष्ट लेखापरीक्षकांच्या गळी उतरविणे अगत्याचे आहे.

दुसरी तरतूद शिक्षकांच्या शिक्षणाची. ज्याने स्वतः कधी सोल्डरिंग केले नाही, ज्याचे स्वतःचे यंत्र कधी सर्वांसमोर बंद पडले नाही, तो मुलाच्या पराभवाला धीराने सामोरा जाऊ शकणार नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात भाषणांऐवजी त्यांनाच एक लहानसा रोबो बांधून झुंजीत उतरविले, तर अध्यापनशास्त्रावरील अनेक व्याख्यानांचे काम त्या एका दुपारी होईल.

तिसरी तरतूद वेळापत्रकाची. वर्षअखेरीस एकच भव्य स्पर्धा, पाहुणे, चषक आणि छायाचित्रे हा आपला नेहमीचा परिपाठ आहे. त्यात हरलेल्याला पुन्हा उभे राहण्यास जागाच नसते. त्याऐवजी वर्षातून दोन स्पर्धा असाव्यात, पहिलीत क्रमांक काढू नयेत, आणि पहिलीत उतरलेलेच यंत्र सुधारून दुसरीत आणण्याची अट असावी. दोन्हींच्या मध्ये विद्यार्थ्याने एक पान लिहावे: काय मोडले, का मोडले, काय बदलले. गुण द्यावयाचे असतील तर ते त्या पानाला द्यावेत. असे पान उतरवून काढता येत नाही, कारण कोणतीही दोन यंत्रे एकाच ठिकाणी मोडत नाहीत.

परीक्षेतील एका अपयशाने मुले खचून जातात, हा आपल्या समाजाचा दुखरा सल आहे. निकालाच्या दिवसांत येणाऱ्या हृदयद्रावक बातम्यांनी दरवर्षी तो नव्याने जाणवतो. त्यावर हळहळ व्यक्त होते, समुपदेशनाच्या सूचना निघतात, आणि पुढील वर्षी सारे पूर्ववत् होते. या दुखण्याचे मूळ कदाचित असे असेल की, अठरा वर्षांच्या वयापर्यंत मुलाला सन्मानाने हरण्याची एकही संधी आपण दिलेली नसते. त्याची पहिली मोठी हार हीच त्याच्या लेखी अखेरची ठरते. लढाऊ रोबो हा काही यावरचा रामबाण उपाय नव्हे. परंतु आपली कृती मोडली म्हणजे आपण मोडलो असे नाही, हा भेद ज्या मुलाने तेराव्या-चौदाव्या वर्षी हातात पाना घेऊन अनुभवला, तो गुणपत्रिकेकडेही थोड्या वेगळ्या नजरेने पाहील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

पन्नास हजार प्रयोगशाळा उभ्या राहतील तेव्हा त्यांचे अहवाल निघतील, आकडे प्रसिद्ध होतील. त्यात किती मुलांनी पारितोषिके मिळविली याचा रकाना असणारच. त्याशेजारी आणखी एक रकाना असावा: पहिल्या स्पर्धेत हरलेल्या यंत्रांपैकी किती यंत्रे दुरुस्त होऊन दुसऱ्या स्पर्धेत परत आली? तो आकडा समाधानकारक असेल तर योजना यशस्वी झाली असे समजावे. तो रकाना कोरा राहिला, तर पन्नास हजार खोल्यांना मिळून पन्नास हजार कुलुपे लागली, एवढाच त्याचा अर्थ होईल.